तीन डब्या, तीन वाट्या: सायक्लोडेक्स्ट्रिनचा संच कोकणच्या हवेत कसा वागतो

अल्फा, बीटा आणि गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिनच्या तीन डब्या एका खोक्यात भरून हल्ली 'यजमान-पाहुणा रसायनाचा संच' म्हणून विकल्या जातात (एक रेणू यजमान होऊन दुसऱ्याला, म्हणजे पाहुण्याला, पोटात घेतो ते रसायन). आम्ही तपासलेल्या संचात अल्फा 25 ग्रॅम, बीटा 100 ग्रॅम आणि गॅमा 10 ग्रॅम आहे, सोबत चार पानांची माहितीपत्रिका. हा संच कोकणातल्या दोन प्रकारच्या लोकांच्या उपयोगाचा आहे: पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, आणि लवंग, दालचिनी, जायफळ यांच्या तेलावर काम करणारे छोटे प्रक्रिया उद्योग. म्हणून परीक्षण दोन्ही अंगांनी केले आहे. मत सुरुवातीलाच सांगतो. पूड चांगली आहे, पत्रिका चुकीची आहे आणि पॅकिंग आपल्या दमट हवेला टिकणारे नाही.

आधी पुडीबद्दल. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्या कड्या गोलात जोडून तयार झालेली रेणूची वाटी. अल्फात सहा कड्या, बीटात सात, गॅमात आठ. वाटी म्हटले तरी तिला बूड नाही, एक तोंड रुंद आणि दुसरे थोडे अरुंद. तिन्हींची उंची सारखीच, 7.9 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). फरक आहे तो आतल्या रुंदीत: अल्फा सुमारे 5, बीटा 6 ते 6.5 आणि गॅमा 7.5 ते 8.3 अँगस्ट्रॉम. दोन्ही काठांवर पाण्याशी जमणारे हायड्रॉक्सिल गट असतात, आतली भिंत मात्र तेलकट. करवंटीतल्या खोबऱ्यासारखी, बाहेर एक आणि आत दुसरेच. त्यामुळे ही वाटी पाण्यात विरघळते आणि पाण्याला नकोसा असलेला तेलकट रेणू आपल्या पोटात घेते. पोटात आधीपासून असलेल्या पाण्याच्या रेणूंना तिथे करमत नाही, शेजाऱ्यांशी पुरेसे हायड्रोजन बंध जुळत नाहीत. पाहुणा आला की ते बाहेर पडतात. जोडणीमागचा मोठा जोर या सुटकेतून येतो.

1891 साली व्हिलिये या फ्रेंच संशोधकाला स्टार्च कुजवताना हे स्फटिक पहिल्यांदा मिळाले. पुढे शार्डिंगरने त्यांचे प्रकार वेगळे केले. आजही ते स्टार्चपासूनच होतात, जिवाणूंच्या एका विकराच्या मदतीने. बीटा वेगळे काढण्यासाठी पारंपरिक पद्धतीत टोल्युइन हा द्रावक घालतात. टोल्युइन बीटाच्या वाटीत बसते आणि त्या जोड्या तळाला जातात. म्हणजे डबीतली पूड तुमच्या हातात येण्याआधी एक पाहुणा बसवून उठवलेली असू शकते. खाद्य दर्जाच्या बीटात टोल्युइनचा अवशेष किलोमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. या संचातली पूड प्रयोगशाळा दर्जाची आहे आणि डबीवर अवशेषाचा आकडाच नाही. तेलाच्या व्यवसायासाठी ही डबी नमुना म्हणून ठीक, उत्पादनासाठी मुळीच नाही. त्यासाठी खाद्य दर्जाचे बीटा वेगळे मागवा आणि त्या लॉटचा तपासणी दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता पहिली अडचण: पाणी. बीटाच्या स्फटिकात मुळातच 13 ते 15 टक्के पाणी असते, एका रेणूमागे साधारण अकरा-बारा पाण्याचे रेणू. हे पाणी हवेच्या दमटपणाप्रमाणे कमी-जास्त होते. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडलेली डबी आणि आषाढात मालवणला उघडलेली डबी यांतून एकच वजन घेतले तरी रेणूंची संख्या वेगळी निघते. डबीवर 1135 हा रेणुभार छापला आहे, तो कोरड्या बीटाचा. तो तसाच धरून द्रावण केले तर पहिल्या पावलालाच सातवा हिस्सा चुकतो. उपाय सोपा आहे. झाकण असलेल्या वजनबाटलीत 1 ग्रॅम पूड घ्या, झाकण काढून 110 अंशांना तीन तास ओव्हनमध्ये ठेवा, शुष्कपात्रात थंड करा, वजन करा. पुन्हा एक तास ठेवून दुसऱ्यांदा वजन करा. दोन्ही जुळली की पाण्याची टक्केवारी कळली. बाटली गरम असताना वजन करू नका आणि उघडी थंड होऊ देऊ नका, कोरडी पूड काट्यावरच पाणी ओढते आणि आकडा वर सरकताना दिसतो. ओव्हन नसेल तर 14 टक्के धरून चाला.

दुसरी गोष्ट विरघळण्याची. 25 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात अल्फा 14.5 ग्रॅम विरघळते, गॅमा 23.2 ग्रॅम आणि मधले बीटा फक्त 1.85 ग्रॅम. पत्रिकेत "तिन्ही पाण्यात सहज विरघळतात" असे लिहिले आहे, त्यामुळे 5 टक्क्यांचे बीटा द्रावण करायला घेतलेला विद्यार्थी तळाशी राहिलेल्या पांढऱ्या पुडीला भेसळ समजेल. भेसळ नाही ती. बीटाच्या रुंद काठावरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांचे हात धरून पूर्ण कडे करतात, म्हणून पाण्यासाठी हात मोकळे राहत नाहीत. 50 अंशांना सुमारे 5 ग्रॅम विरघळते, पण थंड होताच बाकीचे स्फटिक बनून खाली बसते. हा गुण तेलाच्या कामात उपयोगी पडतो.

संचातला सर्वांत चांगला प्रयोग फिनॉल्फ्थॅलीनचा, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा. फिनॉल्फ्थॅलीन संचात नाही, पण ते कुठल्याही प्रयोगशाळेत असते. प्रमाण असे: 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा 0.21 ग्रॅम आणि खाण्याचा सोडा 0.08 ग्रॅम. सामू 10.4 च्या आसपास येतो. त्यात अल्कोहोलमधले 0.1 टक्का फिनॉल्फ्थॅलीन 1 मिलिलिटर. रंग स्वच्छ गुलाबी. हे द्रावण दोन सारख्या बीकरमध्ये अर्धे-अर्धे करा. एकात काही घालायचे नाही. दुसऱ्यात बीटाची पूड 66 मिलिग्रॅम (14 टक्के पाणी धरून) टाकून ढवळा. पूड विरघळेल तसा गुलाबी रंग उडत जातो आणि पाण्यासारखे द्रावण उरते. सामू तसाच असतो, तरी रंग जातो, हे मुलांना पाहून पटत नाही. म्हणूनच शेजारचा बीकर हवा.

रंग का उडतो? गुलाबी रूपात फिनॉल्फ्थॅलीनचा रेणू पसरट असतो, त्याचे इलेक्ट्रॉन तिन्ही कड्यांवर फिरतात. बीटाच्या पोटात तो तसा मावत नाही. आत शिरताना त्याचा मधला कार्बन पिळला जातो, कड्या एकमेकींपासून तुटल्यासारख्या होतात आणि बिनरंगी रूप स्थिर होते. इथे वाटीपेक्षा पाहुणाच जास्त बदलला. हीच वाटी गरम करा. बीकर 75-80 अंशांच्या पाण्यात ठेवला की फिकट गुलाबी छटा परत येते, थंड केला की पुन्हा जाते. जोडणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापवल्यावर ती सैल होते. तिसरी पायरी आमच्या मते सर्वांत बोलकी आहे. थंड, बिनरंगी द्रावणात सोडियम डोडेसिल सल्फेट (साबणासारखा फेसाळ पदार्थ) 45 मिलिग्रॅम घाला, फेस न करता हळू फिरवा. गुलाबी रंग बराचसा परततो. साबणाच्या त्या लांब शेपटीला बीटाची वाटी तितकीच आवडते, आणि संख्येने ती फिनॉल्फ्थॅलीनपेक्षा शंभरपटीने जास्त असल्यामुळे जागा पटकावते.

हा प्रयोग चार कारणांनी फसतो आणि पत्रिकेत त्यातले एकही नाही. पहिले, सोड्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरणे. फार तीव्र अल्कलीत फिनॉल्फ्थॅलीन स्वतःच बिनरंगी होते, बीटा असो वा नसो, आणि मग नियंत्रण बीकरही फसवतो. दुसरे, बीकर रात्रभर उघडा ठेवणे. हवेतला कार्बन डायऑक्साइड सामू खाली आणतो आणि गुलाबी फिका पडतो. प्रयोग केल्या केल्या पाहा. तिसरे, भांडी धुण्याच्या साबणाचा काचेला राहिलेला थर. वर सांगितलेच आहे, साबण बीटाची जागा आधीच अडवतो आणि रंग उडतच नाही. काच साध्या पाण्याने पाच वेळा आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खंगाळा. चौथे, जांभ्यातल्या विहिरीचे पाणी. ते अनेक ठिकाणी किंचित आम्ल आणि लोहयुक्त असते, सोड्याचा हिशेब बिघडवते. आणखी एक: बीटाचे द्रावण आधी करून ठेवायचे असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. शेवटी ती साखरेची साखळी आहे, कोकणच्या उकाड्यात तिच्यात बुरशी लगेच धरते.

तिन्ही डब्यांची तुलना करायची असेल तर समान मोल, म्हणजे रेणूंची समान संख्या घ्या, समान ग्रॅम नव्हे. अल्फाच्या बीकरमध्ये गुलाबी रंग जवळजवळ तसाच राहतो, तोंड अरुंद आहे. गॅमात अर्धवट फिका पडतो, पाहुणा आत जातो पण सैल बसतो. बीटात गेलाच. घट्ट बसणाऱ्या पाहुण्याचे आणि वाटीचे माप जुळावे लागते हे एका रांगेतल्या तीन बीकरांवरून जेवढे स्पष्ट होते तेवढे फळ्यावर होत नाही.

माप जुळणे म्हणजे ताठ साच्यात बसणे मात्र नव्हे. पत्रिकेच्या दुसऱ्या पानावर "वाटी ताठ असते, म्हणून पाहुण्याची निवड अचूक होते" असे वाक्य आहे. ते काढून टाकायला हवे. ग्लुकोजच्या प्रत्येक कडीला थोडे झुकता येते. पाहुणा लांबट असेल तर गोल तोंड थोडे अंडाकार होते, छोटा असेल तर कड्या आत कलतात. अल्फात हे विशेष दिसते: केवळ पाणी पोटात असताना तिची एक कडी बाकीच्यांपेक्षा वेगळी कलंडलेली असते, योग्य पाहुणा आला की गोल पुन्हा सरळ होतो. औषधांतले उदाहरण आणखी ठसठशीत आहे. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी रोक्युरोनियम देतात. शस्त्रक्रियेनंतर त्याचा परिणाम उतरवण्यासाठी सुगामाडेक्स वापरतात, ते म्हणजे गॅमाच्या अरुंद काठाला आठ हात जोडलेले रूप. रोक्युरोनियमचा स्टेरॉइड सांगाडा आत बसतो, हात त्याच्याभोवती लांबतात आणि टोकांचे ऋण भार त्याच्या धन भाराला धरतात. युरोपात त्याला 2008 साली आणि अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळाली. नुसत्या गॅमाचे पोट रोक्युरोनियमला पुरत नव्हते, म्हणून काठ लांबवला.

अल्फाच्या डबीसाठी पत्रिकेत एकही प्रयोग नाही, आणि हे खरोखर नुकसान आहे, कारण आपोआप जुळणी (रेणू स्वतःहून एकत्र येऊन रचना बनवतात ती) डोळ्यांनी दाखवणारी डबी तीच. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, रेणुभार 1000 किंवा 1500, रसायनांच्या दुकानात स्वस्तात मिळते. 10 मिलिलिटर पाण्यात अल्फा 1.3 ग्रॅम विरघळवा. वेगळ्या परीक्षानळीत 1 मिलिलिटर पाण्यात ग्लायकॉल 0.11 ग्रॅम. दोन्ही द्रावणे काचेसारखी स्वच्छ. एकत्र करून दोनदा उलटीपालटी करा आणि परीक्षानळी थंड पाण्यात धरा. काही मिनिटांत आधी निळसर झाक येते, मग दुधट, मग ताकासारखा दाट पांढरा साका. अबोलीच्या कळ्या दोऱ्यात ओवाव्यात तशा अल्फाच्या वाट्या त्या लांब साखळीत दोन्ही टोकांनी ओवल्या गेल्या. दर वाटीमागे साखळीचे दोन तुकडे. ओवलेल्या वाट्या तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून बसतात, काठाचे हायड्रोजन बंध जुळतात, आणि असे अनेक सर शेजारी-शेजारी रचले गेले की पाण्यात राहवत नाही, खाली बसतात. जपानच्या अकिरा हराडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली हे दाखवले.

या प्रयोगातली कोकणी अडचण तापमानाची. एप्रिल-मे महिन्यात प्रयोगशाळेत 33-34 अंश असताना साका यायला बराच वेळ लागतो, कधी पूर्ण तासिका संपते आणि नळी स्वच्छच. रसायन खराब नाही, गरमीत ओवणे मंदावते. बर्फाच्या पाण्यात नळी ठेवा. अल्फा पातळ घेतले, समजा 5 टक्के, तरी हीच रड. आणि ग्लायकॉल 20,000 सारख्या मोठ्या रेणुभाराचे असेल तर पुडीऐवजी जेली धरते. तीही पाहण्यासारखी असते, पण मग गाळायला जाऊ नका. तुलनेसाठी हीच साखळी बीटाच्या 1.5 टक्के द्रावणात घाला, काही होत नाही. बीटाचे तोंड त्या बारीक दोऱ्याला फार रुंद, वाटी घसरून निघते.

गॅमाची डबी 10 ग्रॅमचीच का, हा प्रश्न रास्त आहे. तिघांत ती सर्वांत महाग आणि बीटा सर्वांत स्वस्त. तिचा देखणा उपयोग C60 बरोबर, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या पोकळ गोळ्याबरोबर आहे, मात्र C60 वेगळे घ्यावे लागते आणि बॉल मिल (गोळ्यांनी दळणारे यंत्र) लागते. C60 चा गोळा, इलेक्ट्रॉनांचे आवरण धरून, सुमारे 10 अँगस्ट्रॉमचा. गॅमाच्या तोंडात तो पूर्ण शिरूच शकत नाही. मग दोन वाट्या रुंद तोंडे समोरासमोर आणून त्याला दोन्हीकडून कवेत घेतात. 20 मिलिग्रॅम C60 साठी मोलाने चौपट, म्हणजे सुमारे 150 मिलिग्रॅम गॅमा, कोरडेच दळायचे, मग पाणी घालून गाळायचे. गाळ काळा राहतो आणि गाळलेले पाणी जांभळट. पाण्यात अजिबात न विरघळणारा कार्बनचा गोळा पाण्यात रंग देतो. वाट्यांनी पाहुण्याच्या आकाराप्रमाणे आपली संख्या ठरवली, याहून साधा पुरावा महाविद्यालयाच्या पातळीवर दुसरा नाही.

पत्रिकेच्या शेवटच्या पानावरची आकृती मात्र दिशाभूल करणारी आहे. तिथे सहा वाट्या जुळून झालेला बंद गोल छापला आहे आणि खाली मथळा "या संचातील आपोआप जुळणी". त्या वाट्या सायक्लोडेक्स्ट्रिनच्या नाहीत. त्या रेसॉर्सिनअरीनच्या आहेत, रेसॉर्सिनॉल आणि अल्डिहाइड आम्लात शिजवून होणाऱ्या, खऱ्या अर्थाने बूड असलेल्या वाट्या. 1997 साली मॅकगिलिव्हरे आणि ॲटवुड यांनी दाखवले की अशा सहा वाट्या आणि आठ पाण्याचे रेणू मिळून 60 हायड्रोजन बंधांनी एक पोकळ गोल बनवतात, आत सुमारे 1375 घन अँगस्ट्रॉम जागा. द्रावणात तो टिकतो तो पाणी मुरलेल्या क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात. मिथेनॉलसारखा बंध ओढून घेणारा द्रावक पुरेसा घातला की मोडतो. या संचातली पूड त्या द्रावकात विरघळतही नाही. पुरवठादाराने ती आकृती काढावी, किंवा मथळा बदलावा.

अशा बंद कुप्यांचा, म्हणजे वाट्या जुळून झालेल्या पोकळ गोलांचा, हा विषय मात्र वेगळा शिकवण्यासारखा आहे, कारण जुळवून घेणे म्हणजे काय हे तिथे आकड्यांत दिसते. 1993 साली रेबेक यांच्या गटाने दोन वक्र रेणू टेनिस चेंडूच्या शिवणीसारखे जुळवून कुपी केली. पुढे 1998 साली मेकोझी आणि रेबेक यांनी एक ठोकताळा मांडला: द्रावणात पाहुणा कुपीच्या पोकळीचा साधारण 55 टक्के भाग व्यापतो तेव्हा सर्वांत चांगला बसतो. फार कमी भरले तर पाहुणा सैल खडखडतो, फार जास्त भरले तर त्याला हलायला जागा उरत नाही. त्याच गटाने पुढे लांबट कुपीत सरळ साखळीचा टेट्राडेकेन ठेवून पाहिला. बाहेर तो सरळ लांब असतो, कुपीत मावण्यासाठी त्याने मळसूत्रासारखा पीळ घेतला. फिनॉल्फ्थॅलीनच्या बीकरमध्ये जे रंगाने दिसले तेच इथे आकाराने. यजमान थोडा वाकतो, पाहुणा थोडा वळतो, दोघांना मिळून ज्यात ऊर्जा कमी लागते तो आकार टिकतो.

आता तेलवाल्यांसाठी. लवंगेच्या तेलात मुख्यत्वे युजेनॉल, दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, पानाच्या तेलात पुन्हा युजेनॉल. दोन्ही बीटाच्या पोटात चांगले बसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण तेज' दालचिनीची लागवड ज्यांनी केली आहे आणि पानाच्या तेलाचे काय करायचे हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांनी पुडीचा पर्याय जरूर पाहावा. उघड्या बाटलीतले तेल उडते, हवेने काळवंडते. वाटीत बसलेले तेल खोलीच्या तापमानाला महिनोन्महिने टिकते आणि गरम पाण्यात पडले की सुटते.

मळण्याची पद्धत सर्वांत स्वस्त. बीटा 100 ग्रॅम (कोरडे साधारण 86), कोमट पाणी 50 ते 60 मिलिलिटर, दगडी खल किंवा झाकणाचा छोटा मिक्सर. आधी पूड आणि पाणी मळून पिठल्यासारखी दाट लगदी करा. मग लवंगेचे तेल 9 ग्रॅम, थेंब-थेंब, वीस मिनिटांत. त्यानंतर आणखी अर्धा तास मळा. हिशेबाने एका वाटीत एक युजेनॉल बसले तर 12 ग्रॅमच्या वर तेल मावायला हवे, पण तेवढे घालू नका. सगळ्या वाट्या कधीच भरत नाहीत, जास्तीचे तेल पुडीवर राहते. लगदी आधी मऊ असते, हळूहळू घट्ट आणि कोरडी वाटू लागते. हा बदल हाताला जाणवतो आणि तो आला नाही तर तेल बसलेले नाही असे समजा. वाळवणे 40-45 अंशांना, पातळ थरात. पावसाळ्यात उन्हात किंवा पंख्याखाली वाळवण्याच्या भानगडीत पडू नका, वरचा थर पापडी धरतो आणि आत ओल राहून बुरशी येते. काजू वाळवण्याचा छोटा ड्रायर तापमान खाली आणून वापरता येतो, फक्त त्यात काजूचा वास नसावा.

तपासणी: वाळलेली पूड टिपकागदात गुंडाळून 40 अंशांना एक दिवस ठेवा. कागदावर तेलाचा डाग पडला तर तेल पृष्ठभागावरच आहे. पूड नाकाला फारशी झोंबत नाही आणि चिमूटभर कढत पाण्यात टाकताच लवंग दरवळते, असे असेल तर काम झाले. जायफळाच्या तेलाबाबत सावध राहा. त्यात सॅबिनिन, पायनिन, मिरिस्टिसिन असे अनेक पाहुणे एकाच वाटीसाठी रांगेत असतात. जो घट्ट बसतो तो आत, बाकीचे वाळवताना उडतात. त्यामुळे पुडीचा वास मूळ तेलासारखा येत नाही. ही चूक कारागिराची नव्हे, वाटीच्या निवडीची. हवाच असेल तर मोठ्या बॅचआधी 20 ग्रॅमचा नमुना करून ग्राहकाला हुंगायला द्या.

खाण्याच्या पदार्थांत घालायच्या मिश्रकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत बीटाचा क्रमांक 459 आहे आणि रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 300 मिलिग्रॅम. म्हणजे पूड मसाल्यासारखी चमचाभर घालायची नाही, ती फक्त वासापुरती. अल्फा आणि गॅमावर अशी आकड्याची मर्यादा घातलेली नाही, पण त्यांच्या किमतीत लवंगेचा धंदा परवडणार नाही. आपल्या पदार्थाच्या वर्गात 459 चालते का हे परवाना घेतानाच लेखी विचारा.

पत्रिकेतला आणखी एक दावा तपासला पाहिजे, कारण किनाऱ्यावर तो चटकन खपेल: "माशांचा वास शोषून घेते." बांगड्याचा शिळा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा. तो रेणू छोटा आहे, पाण्याला आवडता आहे, बीटाच्या पोटात त्याला धरून ठेवणारे फारसे काही नाही. थोडा फरक पडेल, पण पैशाच्या मानाने नगण्य. आमसूल हे काम कितीतरी चांगले करते: त्याचे आम्ल ट्रायमिथाइलअमाइनला प्रोटॉन देऊन न उडणारा क्षार बनवते. सारात आमसूल टाकणाऱ्या घरात त्या कामासाठी सायक्लोडेक्स्ट्रिन विकत घ्यायची गरज नाही.

शेवटी पॅकिंग. डबीचे झाकण एकपदरी, आत सिलिका जेलची पुडी नाही, लॉट क्रमांक फक्त बीटावर. जून ते सप्टेंबरमध्ये डबी महिनाभर अशीच वापरली तर पूड गुठळ्या धरते, आणि गुठळ्या फोडल्या तरी पाण्याची टक्केवारी बदललेली असते. डबी हातात आली की पूड 10-10 ग्रॅमच्या छोट्या, रबरी बूच घट्ट बसणाऱ्या बाटल्यांत वाटून घ्या, प्रत्येकीवर तारीख आणि मोजलेली ओल लिहा, सगळ्या बाटल्या निळ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि जेल गुलाबी झाली की ती भाजून पुन्हा निळी करा. एका वेळी एकच बाटली उघडायची.

पाचपैकी गुण: बीटाला साडेचार, अल्फाला पाच, गॅमाला तीन, पत्रिकेला एक. ज्यांना फक्त फिनॉल्फ्थॅलीनचा प्रयोग करायचा आहे त्यांनी पूर्ण संच न घेता 25 ग्रॅम बीटा सुटे मागवावे, त्यात 300 हून जास्त बीकर होतात. ज्यांच्या प्रयोगशाळेत बर्फ मिळतो आणि तृतीय वर्षाचे विद्यार्थी आहेत त्यांनी अल्फा जरूर घ्यावे, फक्त मागवण्याआधी लॉटचा दाखला आणि ओलीचा आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्यावा.